माझ्या बोटाचं रक्त

लेकीच्या डोक्याला तेल लावताना तिच्या केसांतून तो वास आला. उंदराच्या बिळासारखा, कुबट. माझा हात थांबला. वाकून पुन्हा हुंगलं. तोच. शेरडामेंढरांच्या घरात जन्म गेलेल्या माणसाचं नाक चुकत नाही. आमच्या घरात हा वास फक्त थोरल्या मुलाच्या अंगाला येतो.

थोरल्याला आता मिसरूड फुटलंय, पण त्याला बोलता येत नाही. अंगणात बसून तो दिवसभर हात झटकत राहतो. त्याचं दुखणं कळायला फार उशीर झाला. जेवणातल्या प्रथिनांचा एक भाग त्याच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतो. जन्मल्याबरोबर पथ्य पाळलं असतं तर पोरगं शाळेत गेलं असतं.

धाकटीला जन्मतःच तेच निघालं, पण तिचं वेळेत कळलं. त्यामुळं तिला दूध नाही, डाळ नाही, अंडं-मटण नाही, भाकरीसुद्धा मोजून. पोट भरायला दवाखान्याची वेगळी पावडर. आणि थोड्या-थोड्या दिवसांनी घरीच बोटाला सुई टोचायची, टिपकागदासारख्या जाड कार्डावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घ्यायचे, सावलीत वाळवायचे आणि परभणीहून कुरिअरनं शहरातल्या दवाखान्यात पाठवायचे. त्यावरून तिथल्या डॉक्टरबाई फोनवर पथ्य कमीजास्त करायच्या.

सुरुवातीलाच त्या म्हणाल्या होत्या, “तुम्ही मामाची मुलगी केलीत ना? दोष तुमच्या दोघांच्याही रक्तात आहे, अर्धा-अर्धा. मुलांमध्ये ते दोन्ही अर्धे एकत्र आले.”

हे वाक्य मी माझ्या अकलेनं घोळवत राहिलो.

टोचायचं काम माझं होतं. शेळ्यांच्या कानात बिल्ले मारताना माझा हात कधी चुकला नाही. पण पोरगी कळती झाली तशी कार्ड दिसलं की कणगीमागं दडायची. एकदा बायको कापूस वेचायला गेली होती. पोरीला ओढून बाहेर काढलं तर ती हुंदके देत म्हणाली, “आप्पा, तुमी लय वाईट हाव.”

मी सुई माझ्याच बोटात खुपसली.

बापाचं रक्त आणि लेकीचं रक्त, त्यात फरक तो काय? दोष तर माझ्यातही होता. काही वाढलं असलं तर माझ्या रक्तातही दिसलंच असतं. मला खरंच तसं वाटलं. गोल भरले. पोरगी डोळे मोठे करून बघत होती.

“दुखलं न्हाई?”

“न्हाई. आईला सांगू नको.”

तिनं कापूस आणून माझ्या बोटावर दाबून धरला.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाईंनी फोनवर बायकोचं कौतुक केलं. “छान सांभाळताय. भात थोडा वाढवा. मोजून थोडं दूधही देऊन बघू.” बायको त्याच दिवशी शेळी पिळायला बसली. चमच्यानं मोजून पोरीला दूध पाजलं आणि मला म्हणाली, “माझ्या माहेरची शेळी हाय. तुमच्या आईच्या शेळीचं आसतं तर पोरीनं थुकलं आसतं.” आम्ही तिघंही हसलो. पोरीच्या ओठांवर दुधाची मिशी होती.

पुढच्या खेपेला मी पुन्हा माझंच बोट टोचलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. रिपोर्ट चांगले येत गेले, दूध वाढत गेलं.

मग शाळेतून गुरुजींनी निरोप धाडला की पोरगी जागेवर बसत नाही, पाठ केलेलं विसरते. बायको म्हणाली, हट्टी झालीय, बापाच्या वळणावर गेलीय. आणि मग तो वास.

आम्ही तिला शहरात, त्याच दवाखान्यात नेलं. तिथं दंडातून रक्त घेतलं. आकडा बघून डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्या बायकोकडं वळल्या.

“घरी लपूनछपून काय देताय? गेल्या कार्डापर्यंत सगळं ठीक होतं!”

“बाई, चमच्यानं मोजून देते वो. ह्या लेकराची शपथ.”

मी फरशीकडं बघत राहिलो. तोंड उघडायला एवढा वेळ होता, पण उघडलं नाही.

खात्रीसाठी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. सिस्टर सुई घेऊन आली तशी पोरीनं माझा हात धरला, त्यातलं एक बोट मोकळं केलं आणि सिस्टरपुढं केलं.

“ह्यातलं घ्या. घरी ह्यातलंच घेतेत.”

सिस्टरच्या हातातली सुई तशीच राहिली. गावात सगळ्यांना वाटतं की मी कबूल केलं. मी केलं नाही. पोरीनं सांगितलं, तेही मला वाचवायला नाही, तिला सुई नको होती म्हणून.

बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, “म्हंजी ते दूध... मीच पाजलं?”

अर्ध्या दोषाचं रक्त कार्डावर चांगलंच दिसतं, हे मला तेव्हा कळलं. दूध बंद झालं. आकडा हळूहळू उतरतोय. वास गेला. पोरीचं पाठांतर पहिल्यासारखं होईल का, विचारलं तर डॉक्टरबाई म्हणतात, वाट बघू.

आता सुई बायको टोचते. मी पोरीला मांडीवर घट्ट धरतो. ती किंचाळते, मला चावते. थेंब कार्डात मुरला की बायको ते सावलीत ठेवते. मग माझे दोन्ही हात ओढून घेते, उजेडात धरते आणि एकेक बोट उलटंपालटं करून बघते.