सीटखालचा नारळ

"नारळ हलवायचा नाही," सावंत साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "मग गाडी पण हलवायची नाही."

मीरा रोडच्या हाटकेश भागात त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही नव्या गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो. मध्ये डॅशबोर्डवर नारळ. शेंडीसकट, हळदकुंकू लावलेला, खाली लाल कापड. बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. शोरूमच्या पूजेत गुरुजींनी सांगितलेलं, सव्वा महिना नारळ गाडीतच राहू द्या. गाडीत कुठे, ते सांगितलं नव्हतं. गुरुजी स्कूटरवर आले होते.

माझं काम काय ते आधी सांगतो. आयुष्यभर टेम्पो चालवला, नंतर कंपनीची बस. शाळा चौथीपर्यंत. आता ज्यांच्याकडे लायसन आहे, गाडी आहे, पण गेटबाहेर काढायची हिंमत नाही, त्यांच्या बाजूच्या सीटवर मी बसतो. मीरा-भाईंदरमध्ये असे लोक पोत्यानं आहेत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली पण ब्रेक असतो. घरच्या गाडीत बाजूवाल्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक आणि देवाचं नाव.

आमची ही गेल्यापासून असली कामं मी जास्त घेतो. भाईंदर पश्चिमेला तळमजल्याची खोली आहे. तिथे बसून भिंतीशी काय बोलणार? ही होती तेव्हा टेम्पो सुरू केला की खिडकीत यायची. "हवा बघितली का? पाणी बघितलं का? पट्टा लावा आधी. आणि काल गाडी उभी होती तिथे डाग पडलाय, वाकून बघा खाली." स्टिअरिंगला कधी हात लावला नाही तिनं. पण पुढचा ओटा आणि टेम्पो लावायची जागा झाडायची, त्यामुळे तेलाचा डाग पहिला तिला दिसायचा. आता तो ओटा कोण झाडतं मला माहीत नाही. मी तरी नाही झाडत.

तर सावंत साहेब. बँकेतून रिटायर, लालबागहून इकडे आलेले, आयुष्यातली पहिली गाडी. मुलगा जहाजावर. सून ज्युली, भाईंदरपलीकडच्या उत्तनची, कोळीवाड्यातली. तिचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाला तिला माहेरी पोचवायचं होतं, येत्या रविवारी, आणि साहेबांच्याच हातानं.

"रिक्षा नाही, टॅक्सी नाही. पहिलं नातवंड आहे, मामा! आजोबा स्वतः नेणार."

"आजोबांनी आतापर्यंत गाडी कुठवर नेलीय?"

"तशी... सुरू करतो रोज."

वॉचमन बाजूलाच होता. तो म्हणाला, "साब रोज सुबह स्टार्ट करते हैं, अगरबत्ती दिखाते हैं, फिर बंद करके कव्हर डालते हैं."

हे साहेबांचं रनिंग-इन. नवीन गाडीचं इंजिन नव्या चपलेसारखं असतं. आतले भाग एकमेकांवर घासून बसायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला गाडी मध्यम वेगानं चालवायची, जोरात रेस द्यायची नाही, ओझं भरायचं नाही, एकाच वेगात तासभर पळवायची नाही. ब्रेकसुद्धा नवे असतात, तेही हळूहळू बसतात. साहेबांनी ह्यातलं "जपून" एवढंच ऐकलं. चप्पल पायात न घालता रोज देव्हाऱ्यापुढे ठेवली तर ती सैल होईल का? पण बँकेतला माणूस. त्याला वाटतं ठेवलेली वस्तू वाढते.

सीटवरचं प्लास्टिक तसंच. शोरूमच्या चटयांवर दुसऱ्या जाड चटया, त्यांच्यावर पेपर. गाडी पाच स्टारवाली म्हणून घेतलेली, टक्कर झाली तरी आतला माणूस वाचतो म्हणे. आणि पट्ट्याच्या प्रत्येक खाचेत एक एक खोटी क्लिप खोचलेली. ही क्लिप ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते. पट्टा न लावता ती नुसती खाचेत घातली की गाडीला वाटतं माणसानं पट्टा लावला, आणि गाडी टुणटुण करायची थांबते.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"अहो फार किरकिर करते ती. डोकं उठतं."

पाच स्टारचे पैसे दिले, वर त्यांचं तोंड बंद करायचे वेगळे दिले. मी पुढच्या दोन क्लिपा काढून साहेबांच्या हातात दिल्या. मागच्या राहिल्या. मागच्या सीटवर सावंतबाईंचं राज्य होतं.

आता नारळ. मी म्हटलं डिकीत ठेवा. तोवर सावंतबाई खाली आल्या होत्या.

"डिकीत? जिथे चपला ठेवतात तिथे देव?"

"मग मागच्या सीटवर ठेवा."

"तिथे मी बसते."

"मांडीवर घ्या."

"सव्वा महिना?"

सोसायटीचे गुजराती सेक्रेटरी स्कूटर लावायला आले आणि मीटिंगला बसावं तसे बोनेटला टेकले. ते म्हणाले, "नारल गाडी मां तो रेहवो जोईए, पण ड्रायव्हरला दिसला नाय पायजे." अर्ध्या तासानं ठराव झाला: ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथे चपला नाहीत, बाई नाहीत, आणि काचेतून रस्ता दिसतो. मला पटलं नाही. पण शिकवणीचा तास नारळात चालला होता. मी स्वतः वाकून लाल कापडाचा पीळ केला, नारळाभोवती चारी बाजूंनी ठासला. हलवून बघितला. हलेना. म्हटलं चला, देव बसला.

मग आठवडाभर साहेबांना गेटबाहेर काढलं. पहिल्या दिवशी साहेब मेट्रोच्या खांबांखालून सायकलच्या वेगानं गेले आणि प्रत्येक रिक्षावाल्याला "सॉरी" म्हणाले. मी सांगितलं, रिक्षावाल्याला सॉरी म्हणू नका, तो घाबरतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून हॉर्न वाजवला. पुढे पुढे हात चांगला बसला. माणूस भित्रा होता, पण सांगितलेलं ऐकायचा, आणि भित्रा ड्रायव्हर मला शहाण्या ड्रायव्हरपेक्षा परवडतो.

रविवारी सकाळी पोचलो तर गाडी आतून-बाहेरून चकचकीत. साहेबांनी पहाटे धुतली होती. मी माझा नेम केला. गाडीखाली वाकून डाग बघितला. चाकांची हवा. इंजिन गार असताना तेलाची दांडी काढून, पुसून, परत घालून बघितली. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी. ब्रेक ऑइल. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न. उभ्या गाडीत ब्रेक दाबून बघितला, कडक लागला. सगळं ठीक.

ज्युली मागे बसली, बाजूला सावंतबाई, मध्ये डब्यांची पिशवी. मी म्हटलं, "पट्टा."

बाई म्हणाल्या, "पोटावर पट्टा? वेडे आहात का मामा? बाळाला लागेल."

"पोटावर नाही. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांडीच्या वरच्या हाडावर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. मोकळा ठेवला तर लागतो, बरोबर बसवला तर नाही."

"तुम्हाला काय माहीत बाळंतपणातलं?"

"बाळंतपणातलं नाही, ब्रेकमधलं माहीत आहे."

साहेब आरसा नीट करत बसले. शेवटी ज्युलीच बोलली. "आई, तुम्ही दोघं ठरवेपर्यंत मी इथेच बाळंत होईन." तिनं खाचेतली क्लिप उपटली, पुढे माझ्या हातात दिली, आणि मी सांगितलं तसा पट्टा लावला. बाईंनी पण लावला, पण तोंड खिडकीकडे करून.

भाईंदरचा पूल उतरलो, पश्चिमेच्या बाजारातून सुखरूप निघालो. मोकळा रस्ता लागला तसे साहेब खुलले. एका हातानं झाडं दाखवायला लागले. मी तो हात परत स्टिअरिंगवर ठेवला. पुढे उत्तनच्या अलीकडच्या डोंगरी गावानंतर उतार लागला. समोर वळणावर बर्फाचा टेम्पो उभा, मच्छीवाल्यांचा. भरपूर लांब होता. मी म्हटलं, "हलका ब्रेक."

साहेबांनी पाय टाकला. काहीच झालं नाही.

"मामा, ब्रेक जात नाही."

"दाबा."

"दाबतोय हो! खाली काहीतरी आहे!"

मी खाली बघितलं. जाड चटईवर, ब्रेकच्या पेडलखाली, शेंडी वर करून नारळ बसला होता.

त्या वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही. मागून ज्युलीचा श्वास ऐकू आला एवढं आठवतं. गियर तिसरा होता. मी म्हटलं, "क्लच दाबा. सोडू नका." साहेबांनी दाबला. मी गियर ओढून दुसऱ्यात टाकला. "आता हळू सोडा." इंजिननं मोठा आवाज केला आणि गाडी धरली गेली. नव्या इंजिनला अशी रेस द्यायची नसते, हे मीच आठवडाभर सांगत होतो. मग हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि दांडी थोडी थोडी वर घेतली. एकदम ओढली तर गाडी गोल फिरते. टेम्पोच्या मागे हातभर अंतर ठेवून गाडी हिसक्यानं थांबली. पिशवीतले डबे पुढे येऊन माझ्या खांद्यावर आदळले. मागच्या दोघी पट्ट्यांत तशाच बसलेल्या.

 

मी मागे वळलो. "ज्युली, पोटात काही? दुखतंय?"

तिनं पोटावर हात ठेवला. थांबली. सावंतबाईंनी डोळे मिटलेले. मग ज्युली म्हणाली, "लाथ मारतंय. रागावलंय बहुतेक." आणि लगेच आवाज चढवून आपल्या उत्तनच्या भाषेत, "पन नारल सीटखाली कोनी ठेवला? नारल हाय का बॉम हाय?"

साहेबांच्या कपाळावरून घाम गळत होता. मी विचारलं, "लाल कापड कुठे गेलं?"

"सकाळी गाडी धुतली ना... कापड मळलं होतं. धुवून वाळत घातलं."

"आणि नारळ?"

"पुसून परत जागेवर ठेवला. गुरुजी म्हणाले होते हलवायचा नाही."

साहेबांना काय बोलणार, सकाळी गाडी मीच तपासली होती. चाकं बघितली, तेल बघितलं, पाणी बघितलं. सीटखाली बघितलं नव्हतं, कारण तिथे मी स्वतः ठासला होता.

उत्तनपर्यंत गाडी मी नेली. नारळ सावंतबाईंच्या मांडीवर. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "मामा, माझा पट्टा नीट बसलाय का बघा."

ज्युलीच्या घरापुढे बोंबील वाळत होते. तिचे वडील होडीवाले, जाडजूड माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "होडीन् सुटा काय ठेवीत न्हाय आमी. नांगर पन बांधून ठेवताव." आणि कोयता आणला. बाई म्हणाल्या, "अहो, सव्वा महिना व्हायचाय." ज्युली म्हणाली, "आई, त्याचा सव्वा महिना झाला. माझा व्हायचाय." वडिलांनी एका घावात नारळ फोडला. पाणी ज्युलीला दिलं, खोबरं सगळ्यांना. गोड होता. साहेबांनी दोनदा मागून घेतलं.

मुलगी झाली, उत्तनलाच. दोघी ठीक आहेत. गुरुजींना फोन गेला तेव्हा ते म्हणाले, नारळ वेळेआधी फुटला, दुसरा ठेवावा लागेल. दुसरा नारळ आता साहेबांच्या घरी देव्हाऱ्यात आहे आणि गाडीची चावी त्याच्या शेजारी. जाड चटया गेल्या. सीटचं प्लास्टिक मात्र आहे. साहेब म्हणतात, नातीनं सीट खराब केली तर?

नवी गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. पहिले काही दिवस इंजिनला जपा, पण गाडी चालवा. चाकं, तेल, पाणी, दिवे, ब्रेक बघा. आणि निघायच्या आधी वाकून सीटखाली देव बसलाय का तेही बघा, मग तो तुम्ही स्वतः बसवलेला का असेना.

ज्युलीनं दिलेली ती क्लिप माझ्याकडेच आहे. साहेबांनी एकदा मागितली, मी दिली नाही. अजून अधूनमधून बाजूला बसायला ते मला बोलावतात, मी जातो. चावी फिरवली की गाडी टुणटुण करायला लागते, खिडकीतून कोणी सांगावं तशी, पट्टा लावा आधी, पट्टा लावा आधी. साहेब म्हणतात, "मामा, लावा ना लवकर, किती किरकिर करतेय."

गाडी उभी असते तोवर मी जरा उशिरानंच लावतो.