दिवस मावळायच्या आत उतरणारं विमान

आमच्या ह्यांनी विमान घेतलं तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकच बोलणं होतं: फौंड्रीवाल्याला माज आलाय. माज कसला! ह्यांना अव्वाला भरवायला घरी पोचायचं होतं.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमची माणसं मूळची कर्नाटकाच्या कडेची, त्यामुळं आईला आमच्यात अव्वाच म्हणतात. त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांनी ह्यांच्याशिवाय कुणाच्या, माझ्या दिरांच्यासुद्धा, हातचा घास घेणं सोडलं. मी भरवायला बसले की तोंड घट्ट मिटायच्या. मी चिडून ताट आपटून उठायचे. इकडं ह्यांच्या ओतकामाची गिऱ्हाइकं चेन्नईला नाहीतर दिल्लीकडं. मोटारीनं पुणं गाठायचं, तिथून विमान, परत यायला तिसरा दिवस उजाडायचा. तोवर अव्वा दोन घोट दुधावर. पार वाळून गेल्या. सगळे म्हणायचे, बिऱ्हाड पुण्याला हलवा. अव्वांचं उत्तर ठरलेलं: "मी ह्या गावातनं चौघांच्या खांद्यावरच जानार."

हे बेंगळुरूला विमानांचं प्रदर्शन बघायला गेले, हट्टानं मलाही नेलं. विकणारा सुटाबुटातला माणूस आम्हाला मोठमोठी विमानं दाखवत होता. आत सोफे, ताठ उभं राहता येईल एवढी उंची.

"उभं ऱ्हायला मी काय एस्टीनं चाललोय?" हे म्हणाले. "कोल्हापूरच्या धावपट्टीवर उतरतंय का, तेवढं सांगा पावणं."

आमची धावपट्टी तेव्हा आखूड होती. मोठं विमान पुण्यात ठेवा, असं त्यानं सुचवलं. ह्यांनी तिथंच पाठ फिरवली आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान जेटपाशी जाऊन उभे राहिले. सहा फुटी माणूस, कमरेत वाकून आत शिरला, गुडघे छातीशी घेऊन बसला आणि खिडकीतून माझ्याकडं बघून हसला. लग्नातसुद्धा मी ह्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

तेच विमान घेतलं. ते कोल्हापूरच्या विमानतळावर आलं त्या दिवशी ह्यांनी त्याच्या नाकासमोरच नारळ फोडला. आमचा पायलट हवाई दलातून निवृत्त झालेला, शिस्तीचा. तो ओरडतच धावला. करवंटीची एक कपची इंजिनानं ओढून घेतली तर इंजिन गेलंच म्हणून समजायचं. मग काय, फौंड्रीतले मिस्त्री, माझे दीर, नवी पैठणी नेसलेली मी, सगळे डांबरावर रांगत खोबऱ्याचे तुकडे आणि अक्षता वेचत होतो. सगळ्यांच्या पुढं हे.

"ट्रॅक्टरला फोडतोय तसा फोडला की," एवढंच पुटपुटले.

विमानतळावर तेव्हा रात्री उतरायची सोय नव्हती. त्यामुळं दिवस मावळायच्या आत यायचंच. गिऱ्हाईक कितीही बडं असो, दुपार कलली की हे बोलणं अर्धं टाकून उठायचे. माझ्या दिरांना ते अजिबात पटायचं नाही. मला मात्र ह्यांचा फार अभिमान वाटायचा. एकदा इथं ढग दाटले म्हणून बेळगावला उतरावं लागलं, तर तिथून मोटार करून आले आणि पायातले बूट न काढताच अव्वांच्या उशाशी बसले. अव्वांनी तोंड उघडलं. घासागणिक हे दिवसभराच्या गोष्टी सांगत होते आणि त्या डाव्या हातानं ह्यांच्या शर्टाची बाही धरून ऐकत होत्या. मी दारात उभी राहून रडले.

पुढच्या उन्हाळ्यात अव्वा गेल्या, ह्यांच्या हातचा घास खाऊनच. दिवसकार्य आटोपल्यावर हे भावांना म्हणाले, "इकून टाकूया इमान. आता सांजच्याला घरी पोचायची घाई कुणासाठी?"

मी तिथंच ह्यांच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवत होते. अंगाचा तिळपापड झाला.

"मी हाय की अजून," म्हटलं.

दिरांनी माना खाली घातल्या. ह्यांनी माझ्याकडं बघत ताट पुढं ओढलं. विमान त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडं होतं.