दारावरचं कडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. ऑफिसात कुणी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा केला की मला मळमळतं. किळस चहाची नाही, माझी स्वतःचीच येते.

दोन हजार सहा साली मँचेस्टरला आम्ही वर राहायचो आणि खाली एलेनी आंटी. पुढचं दार दोघांचं एकच. त्यांच्या ग्रीसमध्ये मे महिन्याच्या एक तारखेला दारावर रानफुलांचं कडं लावतात, दृष्ट लागू नये म्हणून त्यात लसूण ओवतात, आणि जूनअखेर ते होळीसारखं जाळतात. तोवर हलवत नाहीत. त्या वर्षीचं कडं त्यांच्या नवऱ्याने, स्टावरोसने, कॅमोमाइल आणि पॉपीचं केलं होतं. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

जूनमध्ये माझा मॅनेजर जेवायला येणार होता. पावसाने फुलं काळी पडलेली, सडका लसूण ठिबकत होता, वर माश्या. मी नाक दाबून ते कडं काढलं आणि कचऱ्याच्या बिनमध्ये कोंबडीच्या हाडांवर दाबलं. आमच्याकडे निर्माल्यावर पायसुद्धा पडू देत नाहीत, आणि मी हे केलं.

संध्याकाळी आंटींनी विचारलं, "माझं कडं पाहिलंस का रे?"

"वाऱ्याने उडालं असेल, आंटी."

"स्टावरोसची गाठ? माझ्याच्याने सुटायची नाही, वाऱ्याला कशी सुटली?"

त्या गुडघे टेकून कुंपणाखाली शोधू लागल्या. बिन दोन पावलांवर होता. मीही त्यांच्याबरोबर वाकून शोधत राहिलो. माझ्या बोटांना तो वास येत होता.

आंटी आता केअर होममध्ये आहेत. ते कडं मी फेकलं, एवढं त्यांना समोर बसून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.