तुरीवर उठलेले पहारेकरी

"आमच्याच तुरीवर पोसले, अन् खाल्ल्या घरचे वासे मोजायलेत बघा," असं अप्पा छातीवर हात ठेवून म्हणायचे. नवख्याला वाटायचं, पुतण्यांवर राग दिसतोय. अप्पांचा राग असायचा स्वतःच्या श्वासनळीतल्या पेशींवर.

लातुरात त्यांची डाळमिल होती आणि तिथली यंत्रं मी सांभाळायचो. तुम्हीही असा एखादा मालक पाहिला असेल, जो गादीवर कमी आणि पोत्यांत जास्त दिसतो. अख्खा जन्म तुरीच्या भुशात गेला आणि उतारवयात त्यांना दमा जडला. "बापजाद्यात कुणाला न्हाई, मलाच कसा?" हे ते भेटेल त्याला विचारायचे, अगदी पाव किलो डाळ न्यायला आलेल्या बाईलासुद्धा.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी सावकाश समजावलं. श्वासनळीच्या अस्तरात काही पेशी पहाऱ्याला असतात. जंतू आला की त्या हाकाटी करतात. अप्पांच्या पेशींनी तुरीच्या धुळीलाच चोर ठरवलं होतं. धूळ आत गेली की हाकाटी, मग सूज, कफ, आणि नळी आवळून येते. एकदा चोर ठरवलेल्याला त्या सहजासहजी विसरत नाहीत.

अप्पा व्यापारी माणूस. म्हणाले, "मधी कुणाला तरी घालून मिटवता येत न्हाई का, साहेब?"

"औषधाचा पंप आहे ना मध्ये. तो त्यांना शांत करतो. पण रोज भांडण उकरून काढायला तुम्हीच जाता."

पंप ते नेमाने ओढायचे, मास्कही बांधायचे. घोळ व्हायचा माल घेताना. मूठभर तूर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची आणि नाकाशी न्यायची, ही त्यांची पारख. ओल लागलेला माल त्यांना वासावर कळायचा. त्या घडीला मास्क हनुवटीखाली आलाच म्हणून समजा. मी रागावलो की म्हणायचे, "तोंड बांधून सोयरीक जमते व्हय रं?"

एका हंगामात औशाकडच्या एका शेतकऱ्याची तूर हुंगताना ते तिथेच पोत्यावर बसले. एका हातात गळ्यातलं इष्टलिंग, दुसऱ्या हातात पंप, ओठ काळेनिळे. शब्द फुटत नव्हता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझाच जीव टांगणीला लागला होता.

नांदेडहून त्यांची लेक आली. ती रडली नाही, ओरडली नाही. उशाशी बसून एवढंच म्हणाली, "अप्पा, मिल का बाप, हे मला ठरवायला लावू नका."

अप्पा म्हणाले, "हाव. येतो नांदेडला."

मिल पुतण्याकडे गेली. पुतण्या माल यंत्रावर तपासतो. त्याचं काही चुकत नाही, तरी मला तिथे करमत नाही.

मी नांदेडला भेटायला निघालो तेव्हा त्यांच्या लेकीचा, ताईंचा फोन आला. "दादा, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या हं. मिलची धूळ नको." मी कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो. अप्पा माझ्या पुढे जिना चढले. "बघ, दम लागतो का?" खरंच लागत नव्हता. गालांवर मांस आलं होतं, झोपही लागत होती. इतकं बरं वाटलं की मी ताईंना हात जोडले.

पुढे वर्षभरात ते झोपेतच गेले. शेवटपर्यंत श्वास मोकळा होता, असं ताई म्हणाल्या. ते खरं आहे, आणि त्याचं समाधानही आहे.

पण मला आठवतात ते त्या दिवशी फाटकापर्यंत सोडायला आलेले अप्पा. लेक वर गॅलरीत उभी होती. तिच्याकडे पाठ करून त्यांनी माझी बाही धरली आणि हळूच नाकाशी नेली.

"खरंच धुऊन आलास व्हय रं," ते म्हणाले आणि बाही सोडून दिली.