सिकलची गोळी

मला सिकल कधीच नव्हतं. तरी गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या ओळीतल्या बायका मला बघून हळहळायच्या, आणि ती सगळी आईची करणी. आमच्या भागात सिकलसेल माहीत नाही असं घर सापडायचं नाही. रक्ताचा आजार, आईबापाकडून येतो, सांधे ठणकतात, पोरं पिवळी पडतात, आणि रोज गोळी खावी लागते. त्यामुळे कोणी रोज गोळी खाताना दिसलं की आमच्याकडे लोक स्वतःच समजून घेतात, फार विचारत नाहीत. आईने नेमकं तेच हेरलं होतं.

माझी गोळी डोक्याची होती.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी गोंदियात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. वीस मशीनींचा खटखटाट दिवसभर. तो आवाज मला आवडायचा, आणि एक दिवस त्याच आवाजात माझ्या छातीत असं काही धडधडलं की मी भिंतीला धरून खाली बसले. वाटलं, संपलं. मरतेच आता. पोरी पाणी घेऊन धावल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी घरून निघायच्या आधीच. मग झोप गेली, भूक गेली, आणि हळूहळू काहीच नको झालं. सकाळी डोळे उघडले की पहिलं रडू यायचं. गल्लीतल्या डॉक्टरने कमजोरी म्हणून सलाईन लावली, लाल बाटली दिली. लाल बाटलीने काय होणार, कपाळ?

शेवटी कोणीतरी नागपूरच्या डॉक्टरचं सांगितलं, दर रविवारी गोंदियाला येणारा. एका नर्सिंग होममध्ये त्याला एक खोली दिलेली होती. बाहेर हाडाचे, कानाचे, लेकरांचे असे सगळेच पेशंट एकत्र बसलेले, आणि काउंटरवरचा माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "दिमागवाले डॉक्टर का नंबर इधर लगेगा, माताजी." आईने पदर कपाळापर्यंत ओढला. परत येताना ऑटोत, मुर्रीचं वळण आल्यावर, ती माझा दंड धरून कुजबुजली, "कोणी इचारलं त सिकल म्हन. सिकल घरोघरी हाय. हे नाही सांगाचं. धाकटीचं लग्न व्हाचं हाय अजून."

माझ्यात भांडायची ताकद नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच वाटलं.

पहिली गोळी अमिट्रिप्टिलीन. झोप तर अशी आली की काही विचारू नका. तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली, आणि भर वर्गात माझी मान खाली जायची. पोरी आपापसात ‘मॅडम सो गयी’ म्हणून हसायच्या. मला ऐकू यायचं, पण रागवायला लागणारी वाक्यं जुळायची नाहीत. माझ्यासारख्या तापट बाईला राग येऊ नये, ही काही बरं होण्याची खूण नव्हे. डॉक्टरने ती बंद करून फ्लुओक्सेटीन दिली. सुरुवातीला बेचैनी वाढेल, मग उतरेल, असं तो म्हणाला होता, पण बाहेर एवढी गर्दी आणि तो एवढा घाईत, की ‘वाढेल’ म्हणजे किती हे विचारायचं राहूनच गेलं. बाप रे! अंगात कोणी चक्की चालू करून ठेवल्यासारखं झालं. बसवेना, उभं राहवेना. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात, असं मी दिवसभर चालायचे. आई दारात बसून बघत राहायची आणि शेजारणीला सांगायची, सिकलमध्ये पाय दुखतात ना, म्हणून चालते. काही लोकांना ती गोळी छान लागू पडते म्हणे. मला नाही पडली.

तिसरी पॅरॉक्सेटीन. तिच्याकडून मी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, नंतर काहीच नाही. आणि मग एक दिवस जेवताना मी आईला म्हटलं की वांग्यात मीठ जास्त झालं आहे. आई घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. कित्येक महिन्यांत मी चवीबद्दल बोलले नव्हते. त्या दिवशी तिने खारट वांगं दोनदा वाढून घेतलं. मी इन्स्टिट्यूटमध्ये परत ओरडायला लागले तेव्हा पोरींनाही कळलं की मॅडम आता ठीक आहेत.

असं सगळं बरं चाललेलं असताना धाकटीला दवनीवाड्याचं स्थळ आलं. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक, शांत, आणि सरळ. पहिल्याच भेटीत त्याने सांगून टाकलं की कॉलेजच्या तपासणीत तो सिकलचा वाहक निघाला आहे, त्रास काही नाही, पण मुलगीही वाहक असली तर पुढे लेकरांना धोका. धाकटीने दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. रिपोर्ट स्वच्छ आला. त्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून उगाचच केस विंचरत होती. पोरीला तो मनापासून आवडला होता, आणि आम्हाला ते दिसत होतं.

पण मुर्रीत काही लपतं काय? मुलाच्या आईच्या कानावर गेलंच की मोठी बहीण सिकलची पेशंट आहे, चार वर्षांपासून गोळ्या खाऊन राहिली आहे. तिचा निरोप आला. रिपोर्ट तर कोणीही आणून दाखवेल, मोठीला बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. रविवारी येते.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तयार केलेलं सिकल तिच्याच पोरीच्या आड येऊन उभं राहिलं होतं. मी म्हटलं, खरं सांगून टाकू. ती माझ्यावर अशी धावून आली की जणू मीच स्थळ मोडायला निघाले. सिकल ऐकून तर नुसतं लग्न मोडेल, पागलपण ऐकलं तर कोणी दारात उभं राहणार नाही, हे तिचं म्हणणं. तिने स्वतःचाच मार्ग काढला. म्हणायचं की आधी चुकून सिकल सांगितलं होतं, आता काही नाही, गोळ्या बंद. आणि बंद म्हणजे बंदच. घरात पाकीट दिसायला नको, म्हणून तिने माझ्या सगळ्या गोळ्या कुठेतरी लपवून टाकल्या. "बरी त झाली आता, कायले खातं?" एवढंच म्हणाली. ताप उतरला की तापाची गोळी बंद, तिच्या हिशेबात हेही तसंच.

ही गोळी अशी एकदम सोडायची नसते, कमी करत करत सोडायची असते. डॉक्टरने मला ते बजावलं होतं. मी आईला सांगितलं, ओरडून सांगितलं, कपाटं उपसली. ती ऐकेना. मग धाकटीचं तोंड बघून मीच गप्प बसले. म्हटलं रविवारपर्यंतच तर आहे, काढू दिवस.

काढले म्हणजे कसे, ते माझं मला माहीत. नजर इकडून तिकडे वळवली की डोक्यात झटका, प्लग ढिला असला की बसतो तसा. उभी राहिले की घर फिरायचं. हातापायांना घाम, आणि कारण नसताना रडू. शनिवारी मी चहाचा कप उचलला आणि तो हातातून सुटला. धाकटी खाली बसून काचा वेचत होती आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. मला भीती वाटली, खरीच भीती, की ते जुने दिवस परत येऊन राहिले आहेत आणि या वेळी मी त्यातून निघणार नाही.

रविवारी मुलगा आणि त्याची आई आले. जयभीम झाला, पाणी झालं. मुलाची आई खुर्चीत ताठ बसली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली. आईने ठरवलेलं सगळं म्हणून दाखवलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सिकलच्या पेशंटला दवाखान्यातून कार्ड मिळतं, ते कुठे आहे? आई म्हणाली, हरवलं. मग एवढी वर्षं गोळ्या कोणत्या होत्या? आई म्हणाली, ताकदीच्या. बाई हसलीसुद्धा नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली, म्हणजे ती उठणार हे सगळ्यांना कळलं. धाकटी दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती आणि ट्रेवरचे चमचे वाजत होते.

मी बोलले. डोक्यात झटके चालूच होते, म्हणून एकेका शब्दावर थांबत बोलले.

"मले सिकल नाही. आमच्या घरात कोणालेच नाही. मले डिप्रेशन आहे, डोक्याची गोळी खातो मी. तुम्ही येणार म्हणून ती बंद केली, म्हणून अशी थरथरून राहिली."

आईने डोळे मिटून घेतले. मुलाची आई किती तरी वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने पिशवी परत खाली ठेवली.

"डोकं त कोणाचं ठिकाणावर असते बाई," ती म्हणाली. "मले रक्ताचा भेव हाय."

लग्न ठरलं. असं ठरलं, पोह्यांवर. पण उठताना बाईने एक गोष्ट आईला बाजूला घेऊन सांगितली, आणि घर केवढंसं, आम्हाला सगळं ऐकू आलं. म्हणाली, आमच्याकडचे पाहुणे दोन तोंडांचे आहेत, ही गोष्ट लग्नात निघायला नको, मोठीला मांडवात समोर बसवू नका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी रडत म्हणाली की मग मलाही हे लग्न नको. मीच तिला झापलं. म्हटलं, गप्प बस, मागे बसल्याने मी काही झिजत नाही. ते गेल्यावर आईने तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्या गोळ्या काढल्या. पाकिटांना कोंडा लागला होता, तो पदराने पुसून तिने ती माझ्या हातात दिली आणि चूल पेटवायला निघून गेली.

लग्न मे महिन्यात, विहाराजवळच्या मोकळ्या जागेत. मी कबूल केल्याप्रमाणे विहाराच्या मागच्या खोलीत आहेराच्या सामानाजवळ बसले. सकाळच्या धांदलीत माझी बॅग कोणीतरी भलत्याच गाडीत टाकली होती, गोळी राहून गेली होती, आणि दुपारपर्यंत नजर वळवली की तो झटका यायला लागला. खिडकीतून मांडव दिसत होता. धाकटी पांढऱ्या साडीत बसली होती आणि सारखी मान वळवून मला शोधत होती. मी मनात म्हटलं, समोर बघ व बाई, समोर बघ.

तेवढ्यात आई खोलीत आली. माझ्या तोंडाकडे एकदाच बघितलं, मनगट धरलं आणि मला ओढत मांडवात नेलं. पहिल्या रांगेत, विहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बायका बघायला लागल्या. विहिणीने आईकडे डोळे मोठे केले. आईने कमरेच्या पिशवीतून अडीअडचणीला ठेवलेलं पाकीट काढलं, एक गोळी फोडली, आणि ऑटोत माझा दंड धरून कुजबुजलेली ती माझी आई भर मांडवात म्हणाली,

"गोळी घे आधी. डोक्याची हाय, चुकवाची नाही."

सगळ्या मांडवाने ऐकलं. समोर बौद्धाचार्य थांबले होते. मी हात पुढे केला, पण पाणी कुठेच दिसेना. तेव्हा विहिणीने खाली वाकून आपला स्टीलचा गिलास उचलला, माझ्यापुढे धरला आणि आईला विचारलं, "जेवली काय हे? खाली पोटी नको देऊ."