दादानं न घेतलेली किडनी

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी उमरेडहून नागपूरला येणाऱ्या बसमध्ये होते. त्यालाच भेटायला निघाले होते... दादाला जाऊन आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, सहा वर्षं डायलिसिसवर काढली बिचाऱ्यानं. ती त्यानं का काढली, ते आज सांगावंसं वाटतं.

दादा माझा थोरला भाऊ. इतवारीत त्याचं कापडाचं छोटं दुकान. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि तपासणीत घरात फक्त माझीच जुळली. आईनं देवापुढे साखर ठेवली, नातेवाइकांना फोन केले, "पोरगी देऊन राहिली." मला कोणी विचारलंच नव्हतं. मुलीच्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते. तेव्हापासून ऑपरेशन म्हटलं की हातपाय गार पडायचे. पण सख्ख्या भावाला नाही कसं म्हणायचं?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. "देणाऱ्याची स्वतःची मर्जी असावी लागते, असा कायदा आहे," त्या म्हणाल्या. "मनात नसेल तर नाही म्हणा. कारण सांगायची गरज नाही." मी बंद दाराकडे पाहिलं. मग "नाही" म्हटलं आणि रडू फुटलं.

बाहेर आले तशी आई उठली. "काय झालं वं?" दादानं माझा चेहरा पाहिला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आई, मले तिची किडनी नाही पाहिजे. डॉक्टरले तसं सांगून येतो." आई चिडली, रडली, त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. ते सगळं त्यानं मुकाट्यानं अंगावर घेतलं.

परतताना ऑटोत मी म्हटलं, "दादा, माझ्यामुळं..." त्यानं पुढे बोलू दिलं नाही. "तुह्यं शरीर आहे वं ते. मी भाऊ आहो म्हणून माह्यं होते का? लाज तर मले वाटून राहिली. मी बी तुले विचारलं नव्हतं."

पुढे एकदा डायलिसिस चालू असताना मी विचारलं, भीती वाटते का. "वाटते न," तो म्हणाला. पण ती भीती त्यानं माझ्या पदरात कधी टाकली नाही.

मी नाही म्हटलं त्या दिवसापासून त्याला एक सवय मात्र लागली. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिच्यासमोर उकिडवा बसून तो विचारायचा, "उचलून घेऊ का वं?" आणि थांबायचा. ती कधी मान हलवून नाही म्हणायची; मग हा नुसताच हसत बाजूला बसायचा.

दादाच्या तेरवीला चुलतभावाचा लहानगा आला होता. जो तो त्याचे गाल ओढत होता. माझी मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "घेऊ का तुले?" म्हणाली आणि थांबली. त्यानं जरा विचार केला... मग दोन्ही हात वर केले.