मडमेच्या घुमटाचं दार

बुलढाण्याच्या टेकाडावर एका गोऱ्या साहेबाच्या घराण्याची समाधी आहे. तिच्या बांधकामावर देखरेख माझी होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं आणि डोक्यात हवा भरपूर. साहेबाची मडम वारली होती. तिला तात्पुरतं गोऱ्यांच्या कब्रस्तानात पुरलं होतं. समाधी पुरी झाली की तळघरातल्या दगडी कोनाड्यात तिची पेटी हलवायची. शेजारचा कोनाडा साहेबासाठी.

नकाशा विलायतेहून आलेला. चार खांब, वर घुमट, पूर्वेला दार आणि दारातून आत सरळ गेलेले लांबट कोनाडे. पण सडक होती उत्तरेला. झाडाझुडपांकडे तोंड केलेलं दार मला काही पटेना. मी खुशाल कागद फिरवला आणि दार सडकेकडे घेतलं; त्यासोबत कोनाडेही उत्तर-दक्षिण झाले. अमडापूरचे म्हातारे मुसलमान मिस्त्री म्हणाले, "बराबर हाये, बाबूसाहेब. मेलेला माणूस उत्तर-दक्षिणच निजते." आमच्यातही प्रेत तसंच ठेवतात. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

घुमटाचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी साहेब आला. तळघरात उतरला आणि कोनाड्यांपाशी थांबला. गोऱ्यांच्यात मेलेल्याचे पाय पूर्वेकडे लागतात, हे आम्हाला तेव्हा त्याच्याकडूनच कळलं.

"किसने किया?"

सगळं पाडावं लागणार आणि आपली नोकरी गेली, एवढंच मला सुचलं.

"चुकी माही हाये, साहेब," मिस्त्री म्हणाले. "आमच्यात असंच ठेवतात, म्हून हात तसाच चालला."

साहेब त्यांच्याकडे वळला. "तुम्हारी बीवी है?"

"अल्लाले प्यारी झाली. अमडापूरले, नाल्याच्या काठी. अशीच निजली हाये."

साहेबाने कोनाड्यावर तळवा टेकला. "तो रहने दो," म्हणाला आणि वर गेला.

"असं कशाला बोललात?" मी मिस्त्रींना विचारलं.

"माहं वय झालं. तुमची नोकरी नवी हाये." एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

मिस्त्री वारले तेव्हा मी अमडापूरला गेलो. त्यांना बायकोशेजारी उत्तर-दक्षिण निजवलं. मूठभर माती टाकताना, ती चूक माझी होती, असं चार माणसांत सांगायचं ठरवून गेलो होतो. नाही सांगितलं.